रेडिओवर ताईचं नाव

परीक्षांचे दिवस आले की अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या गल्लीत चालायला जागा उरत नाही. शिकवणीच्या वर्गांपुढे स्कूटींच्या रांगा लागतात, झेरॉक्सच्या दुकानांवर पोरंपोरी एकमेकांच्या खांद्यावरून कागद पुढे करतात आणि कडुनिंबाची पिवळी पानं त्या सगळ्यांच्या डोक्यांवर निवांत गळत राहतात. ऊन अजून बोचत नसतं, पण दुपारी भिंतीला हात लावला तर कळतं, उन्हाळा आत येऊन बसला आहे. इतरांना या दिवसांत काय वाटतं मला माहीत नाही. मला धास्ती वाटते. पन्नाशी उलटली, शेवटची परीक्षा देऊन जमाना झाला, तरी वाटते.

यंदा त्यात भर पडली. आमच्या इमारतीसमोर चहाचं एक नवं दुकान निघालं आहे. आत सगळं ऐंशीच्या दशकातलं. छताला कॅसेटी टांगल्यात, भिंतीवर भलामोठा रेडिओ रंगवलाय आणि दिवसभर जुनी गाणी चालू असतात. नुसती गाणी नाहीत. मधून मधून एका बाईचा आवाज येतो, जुन्या निवेदिकांसारखा घोळून बोलणारा. "आता ऐकू या पुढचं गीत, आणि त्यासाठी फर्माइश केली आहे..." पुढे गावं, पुढे नावं. नावं अर्थात बनवलेली. वर्गांतली पोरं तिथं बसून फोटो काढतात. माझ्या बँकेतले एक सहकारी तर रोज जेवणाच्या सुट्टीत तिथं जाऊन येतात आणि डोळे मिटून म्हणतात, "मॅडम, काय दिवस होते ते!"

मी मान हलवते. त्या बाईनं "फर्माइश केली आहे" म्हटलं की माझा हात आपोआप खिडकीकडे जातो, खिडकी लावायला.

आम्ही तेव्हा अकोल्यात राहत होतो. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. घरात आई, मी आणि माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी सुजाताताई. मी सातवीत होते, ताई बारावीत, सायन्सला. आमच्या गल्लीतून बारावी सायन्सला बसलेली ती पहिलीच मुलगी. बौद्ध विहारातल्या कार्यक्रमात तिला पुढं बसवायचे आणि कोणी पाहुणा आला की बाबा तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे आमची डॉक्टर." ताई लाजायची नाही. तिला ते खरंच वाटायचं.

आणि घरात रेडिओ होता. आईनं विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली, फळीवर. सेल कमजोर झाले की आम्ही ते अंगणात उन्हात ठेवायचो, म्हणजे ते आणखी काही दिवस चालायचे. दुपारी फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागला की सगळी गल्ली एकाच आवाजानं भरून जायची. नळावरून पाण्याची गुंडी घेऊन निघालं तर दारापर्यंत गाण्याची एक ओळ चुकायची नाही, कारण प्रत्येक घरात तेच चालू. मला गाण्यांपेक्षा नावं आवडायची. मूर्तिजापूरहून अमुक, अचलपूरहून तमुक, त्यांचे मित्र, त्यांची भाचरं. कधीही न पाहिलेली ती माणसं मला ओळखीची वाटायची. आपलंही नाव असं हवेतून यावं, असं कोणाला वाटायचं नाही? ताईला वाटलं. तिनं एका गाण्यासाठी गुपचूप पोस्टकार्ड टाकलं, फक्त स्वतःच्या नावानं.

फेब्रुवारीतली दुपार होती. आई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती, ताई आत अभ्यास करत होती आणि मी दारात बसले होते. निवेदिका म्हणाली, "अकोल्याहून सुजाता..." आमचं आडनाव आलं. ताई धावत बाहेर आली, तिचा चेहरा असा उजळला होता की मी तसा तो पुन्हा कधी पाहिला नाही. आणि निवेदिका पुढं म्हणाली, "...आणि संतोष."

संतोष दोन गल्ल्यांपलीकडचा. त्यांची मोर्णा नदीच्या काठी भाजीची वाडी होती आणि सुट्टीच्या दिवशी तो हातगाडी घेऊन आमच्या गल्लीत यायचा. ताईनं त्याच्याकडून वांगी-टमाटे घेतले असतील, त्यापलीकडे एक शब्द नाही. त्यांचा समाज वेगळा. आता हे वाक्य लिहिताना मला ते किती सोपं वाटतं. तेव्हा आईच्या हातातलं सूप थांबलं होतं. गाणं सुरू झालं, गल्लीभर वाजलं आणि संपलं.  शेजारच्या काकू बाहेर आल्या, आमच्या दाराकडे पाहून आत गेल्या, आणि मला पहिल्यांदा कळलं की भीती पायांपासून सुरू होते.

"तू लिवलं होतं का त्याचं नाव?" आईनं विचारलं.

"नाही वो आई. माझंच लिवलं होतं फक्त."

"मंग त्याचं काहून आलं?"

 त्या एका 'आणि'नं काय होणार होतं, ते आईला आमच्याआधी कळलं होतं. बाबा खेड्यातून आलेले. अशा गोष्टींवरून वस्तीत काय होतं ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, आणि ते आम्हाला कधीच पूर्ण सांगितलं नव्हतं. न सांगितलेलं जास्त भिववतं. त्या संध्याकाळी ते घरी आले, सगळं ऐकलं, ताईवर आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाले, "आता खिडकी लावत जा." आम्हाला वाटलं, एवढ्यावर मिटलं.

आठवडाभरानं पुन्हा तीच दोन नावं आली. गाणं दुसरं होतं, पण नावं तशीच जोडून. यावेळी ताईनं पोस्टकार्ड टाकलं नव्हतं, हे आम्हा तिघींना पक्कं माहीत होतं. म्हणजे बाहेर कोणीतरी होतं. कोण, ते माहीत नव्हतं. तेच फार वाईट. तिच्या कॉलेजच्या वाटेवर पोरं त्या गाण्याची चाल शिट्टीवर वाजवायला लागली.

मी आईला म्हटलं, "रेडिओ बंद करून टाकू न."

आई म्हणाली, "आपला बंद केल्यानं त्यायचा बंद होते का? लोकायनं ऐकलं अन् आपल्यालेच मालूम नाही, असं नको व्हाले."

म्हणून त्या हंगामात आमच्या घरात गाणी अशी ऐकली गेली: खिडक्या लावलेल्या, आवाज अगदी बारीक, आणि आम्ही तिघी रेडिओला कान लावून जमिनीवर बसलेल्या. निवेदिकेनं "अकोल्याहून" म्हटलं की ताई डोळे मिटायची. नावं संपून गाणं सुरू झालं की आम्ही श्वास सोडायचो. ती गाणी आज सगळ्यांना गोड वाटतात. त्यांतल्या बऱ्याच गाण्यांचे शब्द मला धड आठवत नाहीत. त्यांच्या आधीची ती नावांची यादी मात्र आठवते, आणि आईच्या मानेवरून ओघळणारा घाम.

मग एका दुपारी फाटक वाजलं. संतोषचे काका होते, बरोबर आणखी तीन माणसं. बाबा कचेरीत. ताईला आईनं मागच्या खोलीत ढकललं आणि पदर खोचून दारात उभी राहिली. मी तिच्या लुगड्याला धरून. रेडिओ चालूच होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

"बाबूजी हायेत का घरी?" काकांनी विचारलं.

"नाहीत. काय काम होतं?"

"काम काय... आमच्या पोराचं नाव घेऊन राहिले रेडिओत. तुमच्या पोरीसंगं."

"नाव का आमी देल्लं?" आईचा आवाज नेहमीचाच होता, पण मला तिचे पाय दिसत होते. बोटं फरशीला घट्ट रोवलेली. "पोरगी माझी परीक्षेले बसून राहिली. तिले का धंदा नाही दुसरा?"

"ते आमाले नाही मालूम. पुन्हा नाव आलं त बरं नाही होणार, एवढं सांगाले आलो."

कोणासाठी बरं होणार नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. ते शांतपणे फाटक लावून गेले. जाताना त्यांतल्या एकानं फाटकाची कडीसुद्धा नीट घातली, आणि मला त्या कडीची जास्त भीती वाटली. आई आत आली, रेडिओसमोर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. ताई मागच्या खोलीतून बाहेर आलीच नाही.

परीक्षा सुरू झाली. बाबांनी रजा टाकली. रोज ताईला सायकलवर मागं बसवून केंद्रावर न्यायचे आणि पेपर सुटेपर्यंत समोरच्या झाडाखाली बसून राहायचे. रसायनशास्त्राच्या आदल्या दिवशी दुपारी, आम्ही तशाच बसलेल्या असताना, निवेदिकेनं तिसऱ्यांदा ती दोन नावं घेतली. तिच्या आवाजात किती आनंद होता! तिला काय माहीत. बाबा घरीच होते. त्यांनी उठून पुढचं दार लावलं, मग मागचं लावलं, आणि खाली बसून म्हणाले, "उद्याचा पेपर नाही देल्ला तरी चालते. जीव राह्यला पाह्यजे."

 आई म्हणाली, "देईल ते पेपर. आपण सगळे जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं पायी निघालो. बाबा पुढं, मध्ये ताई आणि मी, मागं आई. वाट भाजीबाजारातून जात होती. संतोषच्या काकांचा गाळा उजव्या हाताला. मी ताईचा हात धरला होता.  काका तराजू हातात धरून आमच्याकडे पाहत राहिले. कोथिंबिरीवर पाणी शिंपडणारी बाई थांबली. आम्ही चालत राहिलो. झालं काहीच नाही. कोणी शब्द बोललं नाही, कोणी वाट अडवली नाही. पण त्या दिवशी बाजार ओलांडताना मला जे वाटलं ते अजून माझ्या अंगात आहे. गर्दीतून जाताना मी आजही उजवीकडे पाहत नाही.

ताई पास झाली. डॉक्टर होण्याइतके गुण नव्हते. बीएस्सीला अमरावतीला वसतिगृहात पाठवायचं ठरलं होतं, पण बाबांची हिंमत झाली नाही. दोन वर्षांत तिचं लग्न झालं, अकोल्यातच, चांगल्या घरात, चांगल्या माणसाशी. सासरी नाव बदलायचा आग्रह नव्हता. ताईनंच तो धरला. भाऊजींना म्हणाली, "मले दुसरं नाव द्या." ती शीतल झाली. सगळ्यांनी कौतुक केलं की पोरगी सासरच्या रीतीत किती लवकर मिसळली. मला माहीत होतं, ती लपली होती.

पुढे आईबाबा गेले. आम्ही दोघी त्या दिवसांविषयी कधी बोललो नाही. म्हणून गेल्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा मला आधी समजलंच नाही.

"करुणा, मूर्तिजापूरले जुन्या रेडिओवाल्यायचं संमेलन हाये. श्रोत्यायचं. मी जाऊन राहिली. तू येते का?"

"ताई, काहून? काय करायचं तिथं जाऊन?"

"गाणे ऐकाचे, अजून काय."

"अन् तो असला त?"

 "असला त असला. मी साठीले आली न बाप्पा."

मी तिला एकटीला जाऊ देणार नव्हते. अमरावतीहून बसनं निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेला, ढेकळांवर ऊन पडलेलं, दूर एखादा पळस पेटलेला. इतकी सुंदर सकाळ, आणि मी मनातल्या मनात परतीच्या गाड्या मोजत होते.

मंगल कार्यालयातला हॉल भरला होता. पांढऱ्या केसांची माणसं आपापले जुने ट्रान्झिस्टर कडेवरच्या लेकरांसारखे घेऊन आलेली. एकमेकांना नावानं ओळखत होती, चेहऱ्यानं नाही. "तुमीच का ते अचलपूरवाले?" म्हणत गळ्यात पडत होती. खरं सांगते, मलाही क्षणभर भरून आलं. मग दारातल्या स्वयंसेवकानं ताईला नाव विचारलं, आणि तिनं शीतल नाही सांगितलं. माहेरचं सांगितलं, आडनावासकट. त्यानं ते लगेच माइकवरून पुकारलं. "अकोल्याहून सुजाताताई आलेल्या आहेत, त्यांचं स्वागत!"  मी तिला ओढून भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि दाराकडे पाहत राहिले.

तो आला. पांढरा शर्ट, डोक्यावर थोडे केस, हातात उपरणं. आमच्यासमोर येऊन हात जोडले. "मी संतोष. भाजीवाला."

ताईनं त्याच्याकडे वर पाहिलं. "बसा."

तो आमच्या डावीकडची खुर्ची सोडून मुद्दाम उजवीकडे जाऊन बसला. "इकडून ऐकू येत नाही," तो उजव्या कानाला हात लावत म्हणाला. "काकानं मारलं होतं तेवा. तुमचं नाव आलं तवाच."

मी इतकी वर्षं त्याच्या घराला घाबरत होते. त्याच घरात तोही घाबरून बसला असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ताई मात्र सरळ विचारत होती. "तुमी पाठवलं होतं का?"

"पहिलं नाही. मी माझी चिठ्ठी वेगळी टाकली होती, तेच गाणं. रेडिओवाल्यायनं अकोल्याचे नावं जोडून वाचले. दुसरं माझ्या दोस्तायनं केलं, मजाक म्हणून." तो थांबला. उपरण्यानं तोंड पुसलं. "तिसरं मी पाठवलं."

"मार खाल्ल्यावर?"

"त्याच्या आधी. दुसऱ्यांदा नाव आलं त्याच दिवशी टाकलं. काका तुमच्या घरी गेले हे मंग कळलं, तवर चिठ्ठी गेल्ती. तुमचं नाव माझ्या नावाजवळ ऐकलं न, चांगलं वाटलं. सतराअठरा वर्षांचा होतो. पुढचा विचार नाही केला."

हॉलमध्ये कोणीतरी गाणं लावलं.  मला वाटलं ताई रडेल, आणि मी पिशवी उचलून तयार झाले. पण ती रडली नाही.

"तुमाले चांगलं वाटलं," ती म्हणाली. हळू नाही, चारचौघांना ऐकू जाईल असं. "अन् मी खिडकी नाही उघडली. माझा बाप झाडाखाली बसून राह्यला. मी नाव टाकून देल्लं माझं. तुमच्या कानाचं वाईट वाटलं मले, खरंच वाटलं. पण हे तुमी पहिलेच येऊन सांगाले पाह्यजे होतं. मले इतके दिवस वाटे का माझ्यानंच झालं."

संतोषनं मान खाली घातली. "चुकलं," तो म्हणाला.  थोड्या वेळानं उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसला, डावा कान व्यासपीठाकडे करून.

"चाल ताई, निघू," मी तिच्या कानात म्हटलं.

"बस. गाणे बाकी हायेत."

ती शेवटपर्यंत बसली. मी दारावरची नजर काढली नाही.

दुपारी आम्ही स्टेशनवर आलो. तिला अकोल्याची गाडी, मला बडनेऱ्याची. फलाटावर बाकाजवळ पेरू विकणारी एक बाई टोपलं घेऊन बसली होती, कॉलेजच्या पोरी पुस्तकं मांडीवर घेऊन उजळणी करत होत्या. ताईनं पुण्याच्या लेकीला फोन लावला, स्पीकरवर, कारण फोन कानाला लावला की तिला दुखतं म्हणे. आणि सांगायला लागली. त्याचं नाव, स्वतःचं नाव, गल्ली, काका, सगळं. पोरींनी पुस्तकातून माना वर केल्या. 

"ताई, हळू," मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लोक ऐकून राहिले."

"त ऐकू दे न. काहून हळू?"

पेरूवालीनं टोपलं पायानं जवळ ओढलं. "मंग वो बाई? त्या दिवशी पेपर देल्ला का तुमी?"

ताई तिच्याकडे वळली. लेकीला म्हणाली, "थांब, मंग करते फोन." बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली, हातानं जागा झटकली. "ये, बस इथं," ती म्हणाली, आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागली.

माझी गाडी पलीकडच्या फलाटावर लागत होती. मला जावं लागलं. जिन्यापाशी मागं वळून पाहिलं तर त्या पोरीही उठून बाकाशी उभ्या राहिल्या होत्या. पूल चढून जाईपर्यंत ताईचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.